सायकलला डिस्क ब्रेक घ्यावा का?

अहिल्यानगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या सायकलच्या दुकानात आज गेलात, तर जाड टायरांच्या, गिअरच्या ‘माउंटन बाइक’ रांगेने उभ्या दिसतात. त्यांतील पुष्कळांच्या चाकाच्या मध्याशी भोके पाडलेली एक चकचकीत पोलादी चकती असते. हाच डिस्क ब्रेक. दुकानदार सांगतो, “डिस्क आहे, जागच्या जागी थांबते.” शेजारीच तशीच दिसणारी, पण साध्या ब्रेकची सायकल कमी किमतीत उभी असते. तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची तिसरी सायकल या दोन्हींहून महाग असते. घरून मिळणारे पैसे तर मोजकेच असतात. मग हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे द्यायचे? तेवढ्याने सायकल खरोखरच लवकर थांबते का?

या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीपेक्षा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात अधिक चांगले सापडते. ऊर्जेची अक्षय्यता, घर्षण, तरफ आणि पास्कलचा नियम एवढे चार विषय त्यासाठी पुरतात. चला, हिशेब मांडून पाहू.

ब्रेक म्हणजे उष्णता तयार करणारे यंत्र

ब्रेक गती ‘नाहीशी’ करतो असे आपण म्हणतो. पण ऊर्जा नाहीशी होत नाही. सायकलची ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेत बदलते, एवढेच ब्रेकचे काम. ही उष्णता किती असते?

समजा, तुमचे वजन ५० किलो व सायकलचे १५ किलो, म्हणजे एकूण वस्तुमान ६५ किलो आहे. सपाट रस्त्यावर तुम्ही ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जात आहात. गतिज ऊर्जा झाली १/२ × ६५ × ५ × ५, म्हणजे सुमारे ८१३ ज्यूल. एकदा ब्रेक दाबून थांबलात की एवढी ऊर्जा उष्णतेत जाते.

आता करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट डोळ्यांसमोर आणा. उतारावर तुम्ही वेग न वाढू देता, ब्रेक धरून १०० मीटर उंची उतरलात. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरले, तर स्थितिज ऊर्जेतील घट ६५ × १० × १००, म्हणजे ६५,००० ज्यूल होते. सपाटीवर ८० वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. तेवढ्या उष्णतेने पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, थंड पाणी उकळीला येईल.

या ऊर्जेचा काही भाग हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण घेते. उरलेला सगळा ब्रेकवर येतो. डिस्क ब्रेकची एक चकती सुमारे १०० ग्रॅमची असते. दोन्ही चकत्या मिळून २०० ग्रॅम पोलाद झाले. पोलादाचे १ ग्रॅम १ अंशाने तापवायला सुमारे अर्धा ज्यूल लागतो. सपाटीवर एकदा थांबल्याने चकत्या जेमतेम ८ अंशांनी तापतील. पण घाटातील ती सारी उष्णता चकत्यांमध्येच साठून राहिली असती, तर त्यांचे तापमान ६५० अंशांनी वाढले असते! प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण फिरणारी चकती वाऱ्याने सतत निवत असते. तरीसुद्धा घाट उतरल्यावर चकतीला बोट लावू नका. हमखास भाजेल.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते. सपाट रस्त्याला लागणारा ब्रेक आणि घाटाला लागणारा ब्रेक या दोन वेगळ्या गरजा आहेत.

माउंटन बाइकचा जन्मच या प्रश्नातून झाला म्हटले तरी चालेल. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या वाटेने खाली उतरण्याची शर्यत लावू लागले. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये, पायंडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. एका उतरणीत तो इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि पुन्हा नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीला नावच पडले ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’!

रिम ब्रेक आणि डिस्क ब्रेक

साध्या सायकलचे ब्रेकचे रबर चाकाच्या रिमवर दाबले जाते. खरे पाहता रिम हीसुद्धा एक मोठी चकतीच आहे. आणि मोठ्या त्रिज्येचा एक फायदा असतो. विहिरीचा रहाट लांब दांड्याने फिरवणे सोपे जाते, तसेच चाकाला कडेजवळ धरून थांबवणे सोपे असते. डिस्क ब्रेकचे पॅड मात्र चाकाच्या मध्यापासून फक्त ७ सेंटिमीटरवर पकड घेतात, आणि टायर रस्त्याला टेकतो तो ३४ सेंटिमीटरवर. म्हणून रस्त्यावर जेवढे बल हवे, त्याच्या जवळजवळ पाचपट घर्षण चकतीवर निर्माण करावे लागते. या बाबतीत डिस्क ब्रेक मागेच आहे.

मग त्याचा फायदा कशात? पाऊस आणि चिखल यांत. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर हा अकोले तालुक्याचा पश्चिम भाग आठवा. पावसाळ्यात तेथे धो धो पाऊस पडतो. रिम रस्त्याच्या अगदी जवळ असते; तिच्यावर पाणी व चिखल सारखे उडतात. ब्रेक दाबला की आधी पाण्याचा थर पुसला जातो आणि मग पकड येते. तेवढ्यात सायकल काही मीटर पुढे गेलेली असते. चिखलातल्या रेतीने रिम घासली जाते ती वेगळीच. चकती मात्र रस्त्यापासून उंचावर असते. तिच्यावर पॅडचा दाब फार जास्त असतो आणि भोकांमुळे पाणी व मळ निघून जायला वाट मिळते. म्हणून ओल्यातही तिची पकड फारशी उशिरा येत नाही.

आणखी दोन फायदे आहेत. खड्ड्यात आदळून चाक ‘आऊट’ झाले, तर रिम ब्रेक घासू लागतो. डिस्क ब्रेकला त्याचा उपद्रव होत नाही. तसेच लांब उतारावर रिम तापली तर आतली ट्यूब तापून फुटू शकते. डिस्क ब्रेकमध्ये उष्णता ट्यूबपासून दूर राहते.

ही कल्पना नवीन नाही. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्ये घेतले होते. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वार मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि सर्वांचे लक्ष तिकडे गेले. पुढे तो मोटारसायकलींवर व डोंगरी सायकलींवर आला. रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत मात्र त्याला पूर्ण मान्यता मिळायला २०१८ साल उजाडले.

तार की तेल?

डिस्क ब्रेकचे दोन प्रकार आहेत. एकात हँडलवरची तरफ तार ओढते व त्या ओढीने पॅड चकतीवर दाबला जातो. दुसऱ्यात तारेऐवजी तेलाने भरलेली बारीक नळी असते. यात पास्कलचा नियम लागू होतो : बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो.

समजा, तुम्ही बोटांनी ४० न्यूटन, म्हणजे सुमारे ४ किलोच्या वजनाइतके बल लावले. तरफेमुळे ते पाचपट, म्हणजे २०० न्यूटन झाले. हे बल १० मिलिमीटर व्यासाच्या छोट्या दट्ट्यावर पडले. चकतीजवळचे दोन दट्टे प्रत्येकी २२ मिलिमीटर व्यासाचे आहेत. त्यांचे क्षेत्रफळ छोट्या दट्ट्याच्या ४.८४ पट आहे, म्हणून प्रत्येक दट्ट्यावरचे बल सुमारे ९७० न्यूटन झाले. चार किलोचा दाब ९७ किलोचा झाला, तोही चकतीच्या दोन्ही बाजूंनी!

मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय? तिला धक्का लागत नाही. बोटे २० मिलिमीटर सरकली, तर पॅड फक्त ०.४ मिलिमीटर सरकतात. बल वाढले, अंतर घटले. म्हणूनच पॅड व चकती यांमधली फट केसाएवढीच ठेवावी लागते, आणि चकती थोडी वाकली तरी घासल्याचा आवाज येतो.

तारेच्या ब्रेकमध्येही तरफांनी बल वाढवता येते. पण तार आवरणातून सरकताना तिथल्या घर्षणात बोटांचा काही जोर वाया जातो. तार गंजली, आवरणात चिखल शिरला, तर नासाडी आणखी वाढते. स्वस्त तारेच्या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो. तो चकतीला किंचित वाकवून दुसऱ्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की फट हाताने जुळवावी लागते. तेलाच्या ब्रेकमध्ये ती आपोआप जुळते. उलट, तारेचा ब्रेक गावातला कोणताही सायकलवाला दुरुस्त करू शकतो. तेलाच्या नळीत हवा शिरली, तर ती काढण्याचे साधन व जाणकार माणूस लागतो. हवा दाबाने आकुंचन पावते, तेल पावत नाही. म्हणून हवा शिरलेल्या ब्रेकची तरफ स्पंजासारखी दबते.

जास्तीत जास्त किती जोर उपयोगी?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ब्रेक जितका महाग तितके थांबण्याचे अंतर कमी, असे असते का?

पुढचा ब्रेक जोरात दाबला की शरीराचा भार पुढे जातो. एका मर्यादेनंतर मागचे चाक उचलले जाते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. समजा, सायकल व स्वार यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटर उंच आणि पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेमागे ६० सेंटिमीटरवर आहे. मग सपाटीवर मिळू शकणारे सर्वांत जास्त मंदन १० × ६० ÷ ११०, म्हणजे सेकंदाला सेकंदाला सुमारे ५.५ मीटर एवढेच. उतारावर ते आणखी कमी. ६५ किलो वस्तुमानाला त्यासाठी सुमारे ३५५ न्यूटन बल पुरते. त्याहून जास्त बल देणारा ब्रेक तुम्हाला लवकर थांबवणार नाही, तोंडावर पाडील.

साध्या दोन दट्ट्यांच्या तेलाच्या ब्रेकने हे साधते का? वरच्या उदाहरणात प्रत्येक बाजूला ९७० न्यूटन होते. घर्षणगुणांक ०.४ धरला तर दोन्ही बाजूंचे मिळून घर्षण ७७६ न्यूटन. ७ व ३४ सेंटिमीटर या त्रिज्यांच्या हिशेबाने रस्त्यावर १६० न्यूटन मिळतात. हे बोटांच्या ४० न्यूटन बलाने झाले. ९० न्यूटन लावले की मर्यादा गाठली! ओल्या रस्त्यावर तर त्याच्या आधीच टायर घसरतो. म्हणजे तेथे मर्यादा टायरची असते, ब्रेकची नव्हे.

थोडक्यात, चांगल्या स्थितीतला साधा ब्रेकही कोरड्या सपाट रस्त्यावर सायकलला तिच्या मर्यादेपर्यंत थांबवू शकतो. जास्तीच्या पैशांत तीन गोष्टी मिळतात : कमी जोरात काम होणे, पावसाचिखलात पकड न जाणे आणि उष्णतेत पकड टिकणे. या तीन गोष्टींची तुम्हाला किती गरज आहे, ते तुमच्या रोजच्या रस्त्यावर ठरते.

मग कोणता घ्यावा?

नेवासे, राहाता, कोपरगाव अशा सपाट भागात शाळेला जायचे-यायचे असेल, तर चांगला रिम ब्रेक पुरेसा आहे. उरलेले पैसे चांगले टायर व हेल्मेट यांवर खर्च करा. थांबण्याच्या अंतरावर टायरचा परिणाम चकतीपेक्षा अधिक होतो.

रस्ता चढउताराचा, पावसाळ्यात चिखलाचा, पण उतार लहान असतील, तर तारेचा डिस्क ब्रेक किफायतशीर ठरतो. त्यातही दोन्ही पॅड हलणारा मिळाला तर तो घ्या. वर्षातून एकदा आतली तार व आवरण बदला. थोड्या खर्चात ब्रेक नव्यासारखा होतो.

अकोल्याच्या डोंगराळ भागात रोज उतरणे असेल, किंवा हात लहान असून तरफ दाबायला जड जात असेल, तर दोन दट्ट्यांचा साधा तेलाचा ब्रेक घ्यावा. शिमानो, टेक्ट्रो यांसारख्या कंपन्या असे प्राथमिक दर्जाचे ब्रेक बनवतात. चार दट्ट्यांचे महाग ब्रेक उभ्या डोंगरउतारावरच्या शर्यतीसाठी असतात. शाळकरी मुलाला त्यांची गरज नाही. जास्त जोर हवा असेल, तर १६० ऐवजी १८० मिलिमीटरची चकती पुढच्या चाकाला लावणे स्वस्त पडते. त्रिज्या वाढल्याने त्याच दाबात सुमारे १२ टक्के अधिक बल मिळते, शिवाय चकती लवकर निवते. मात्र तेवढी चकती चिमट्याला, म्हणजे फोर्कला, चालते का ते आधी विचारा.

एक सावधगिरी. रिम ब्रेकच्या जुन्या सायकलला नंतर डिस्क बसवण्याचा बेत सहसा महागात पडतो. चकती बसण्यासाठी वेगळे हब लागतात. कॅलिपर बसवायला चिमट्यावर व सांगाड्यावर जागा लागते. ती नसेल तर चाके व चिमटा बदलावे लागतात आणि ब्रेकपेक्षा त्यांचाच खर्च वाढतो. अशा वेळी नवीन ब्रेकचे रबर, नवीन तार आणि आऊट काढलेले चाक हाच शहाणपणाचा उपाय.

दुकानात विचारायचे प्रश्न

पॅड कसले आहेत? रेझिनचे पॅड आवाज कमी करतात व थंड असतानाही चांगले धरतात, पण चिखलात लवकर झिजतात. धातूची भुकटी दाबून, तापवून केलेले पॅड टिकाऊ असतात व उष्णता सोसतात, पण आवाज करतात. काही स्वस्त चकत्यांवर ‘फक्त रेझिन पॅड’ असे इंग्रजीत कोरलेले असते; त्यांवर धातूचे पॅड लावले तर चकती लवकर झिजते.

पॅड गावाजवळ मिळतात का? ब्रेक एकदाच घ्यायचा असतो, पॅड पुनःपुन्हा. म्हणून ब्रेकची किंमत, बसवणावळ आणि तीन वर्षांत लागणारे पॅड व तारा यांची बेरीज करूनच दोन ब्रेकांची तुलना करा.

तेल कोणते? काही ब्रेकांत खनिज तेल असते, काहींत ‘डॉट’ जातीचे द्रव. दोन्हींची अदलाबदल कधीही करू नये. आतले रबर खराब होते. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना निदान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. लांब घाटात द्रव उकळला तर वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि तरफ हँडलला टेकली तरी ब्रेक लागत नाही. म्हणून ते द्रव ठरलेल्या मुदतीत बदलावे लागते.

निगा

नव्या पॅडची पकड सुरुवातीला कमी असते. मोकळ्या जागी मध्यम वेगाने जाऊन हळूहळू, पण पूर्ण न थांबता, वीसेक वेळा ब्रेक दाबा. मग पॅडचा थर चकतीवर बसतो. साखळीला तेल देताना एक थेंबही चकतीवर पडू देऊ नका. तेल शोषलेला पॅड सहसा पुन्हा कामाचा होत नाही. पॅडवरचा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदला. चाक काढलेले असताना तेलाच्या ब्रेकची तरफ दाबू नका. दट्टे पुढे सरकून चाक बसेनासे होते. फिरत्या चकतीजवळ बोटे नेऊ नका.

घाट उतरताना वेग आधीच कमी ठेवा. ब्रेक सारखा घासत ठेवण्याऐवजी ठामपणे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक वापरा, म्हणजे उष्णता दोन चकत्यांत वाटली जाईल.

करून पाहा

वाहने कशी थांबतात हे मोजण्याचे शास्त्र आपल्या जिल्ह्याला परके नाही. अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. तेथे वाहनांच्या चाचणीसाठी खास धावपट्ट्या आहेत. तुमची धावपट्टी म्हणजे शाळेचे मैदान.

शिक्षकांच्या देखरेखीखाली, हेल्मेट घालून, मोकळ्या सपाट मैदानावर २० मीटर अंतर चुन्याने आखा. ते ४ सेकंदांत कापले तर वेग सेकंदाला ५ मीटर. शेवटच्या रेघेवर ब्रेक दाबा आणि थांबण्याचे अंतर टेपने मोजा. वेगाचा वर्ग अंतराच्या दुपटीने भागला की मंदन मिळते. अंतर ५ मीटर आले तर मंदन २.५; त्याला वस्तुमानाने गुणले की ब्रेकचे बल. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून सरासरी घ्या. आधी कोरडी रिम, मग पाणी ओतून ओली केलेली रिम, मग डिस्क ब्रेकची सायकल, असे तीन तक्ते करा. ओल्या रिमचा प्रयोग कमी वेगाने, सेकंदाला ३ मीटरनेच करा, आणि तुलनेसाठी कोरड्या रिमचे एक मोजमाप त्याच वेगाने घ्या.

तुमच्या सायकलचे कोरड्यातले आणि ओल्यातले अंतर यांत फार फरक पडत नसेल, तर नव्या ब्रेकचे पैसे वाचले. फरक मोठा असेल आणि तुमचा रस्ता पावसाचा, घाटाचा असेल, तर डिस्क ब्रेक का हवा हे घरी सांगायला तुमच्या हातात जाहिरात नव्हे, स्वतः मोजलेले आकडे असतील.